वाचकांचे प्रश्न : पेरुजा खटल्याच्या इटालियन बातम्यांपैकी कोणत्या विश्वासार्ह मानाव्यात?

प्रश्न : मी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला असून महाविद्यालयाच्या नियतकालिकासाठी मेरेडिथ कर्चर हत्याप्रकरणावर मराठीत दीर्घ लेख लिहीत आहे. इंग्रजीत वाचू लागले तर ब्रिटिश वृत्तपत्रे एक सांगतात आणि अमेरिकी वाहिन्या नेमके उलटे सांगतात. म्हणून यांत्रिक भाषांतराच्या मदतीने मूळ इटालियन बातम्याच वाचायचे ठरवले; पण तिथेही कोणत्या वृत्तपत्राचा भरवसा धरावा हे कळेना. एकच गोष्ट चार-पाच इटालियन वृत्तपत्रांत सापडली, तर ती खरी मानायला हरकत नाही ना?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : हरकत आहे, आणि बरीच आहे. चार-पाच वृत्तपत्रांत एकच मजकूर मिळाला म्हणजे चार-पाच बातमीदारांनी स्वतंत्रपणे शहानिशा केली, असा आपला स्वाभाविक समज असतो. या प्रकरणात मात्र बहुतेक वेळा असे घडलेले दिसते की, बातमीचा उगम एकच होता आणि बाकीच्यांनी ती उचलली. तेव्हा वृत्तपत्रे मोजण्याऐवजी उगम मोजावेत. हे कसे करायचे ते सविस्तर सांगण्याआधी, ज्या वाचकांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी त्याची रूपरेषा देणे आवश्यक आहे.

इटलीच्या उंब्रिया प्रांतातील पेरुजा या शहरात शिकायला आलेल्या मेरेडिथ कर्चर या २१ वर्षांच्या ब्रिटिश विद्यार्थिनीचा १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री तिच्या राहत्या घरी खून झाला. पोलिसांनी ६ नोव्हेंबरला त्याच घरात राहणारी अमेरिकी विद्यार्थिनी अमांडा नॉक्स, तिचा इटालियन मित्र राफाएले सोल्लेचितो आणि बारमालक पॅट्रिक लुमुंबा यांना अटक केली. लुमुंबा यांचे नाव नॉक्सच्या रात्रभर चाललेल्या चौकशीतून पुढे आले होते. त्यांचा संबंध नसल्याचे दिसून आल्यावर दोन आठवड्यांनी त्यांची सुटका झाली. घटनास्थळी ज्याचे ठसे मिळाले तो रूडी गेदे जर्मनीत पकडला गेला, त्याचा खटला वेगळा चालला आणि अपिलात कमी झालेली १६ वर्षांची शिक्षा त्याच्याबाबतीत कायम झाली. नॉक्स आणि सोल्लेचितो यांना डिसेंबर २००९ मध्ये दोषी ठरवण्यात आले, ऑक्टोबर २०११ मध्ये अपिलात त्यांची निर्दोष मुक्तता झाली, मार्च २०१३ मध्ये ती मुक्तता रद्द होऊन फ्लोरेन्समध्ये फेरसुनावणी झाली, जानेवारी २०१४ मध्ये ते पुन्हा दोषी ठरले, आणि अखेर २७ मार्च २०१५ रोजी रोममधील सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे कासात्सिओनेने, दोघांनाही खुनाच्या आरोपातून कायमचे मुक्त केले.

इतक्या वळणांच्या खटल्यात बातमीची तारीख हीच तिची पहिली ओळख असते. २०१० मधली एखादी अत्यंत काळजीपूर्वक लिहिलेली बातमीसुद्धा २०१५ नंतरच्या लेखात जशीच्या तशी वापरता येणार नाही. म्हणून वहीत प्रत्येक बातमीपुढे ती खटल्याच्या कोणत्या टप्प्यावरची आहे याची नोंद करावी. वृत्तपत्राच्या नावापेक्षा ती नोंद आपल्याला अधिक उपयोगी पडेल.

आता उगमाविषयी. इटलीत तपास सुरू असताना त्यातील कागदपत्रे गुप्त ठेवण्याचे बंधन कायद्यानेच आहे. प्रत्यक्षात पोलीस, सरकारी वकिलांचे कार्यालय आणि निरनिराळ्या पक्षांचे वकील यांच्याकडून तपशील बाहेर झिरपत राहतात, आणि असा झिरपलेला तपशील सकाळच्या इटालियन वृत्तपत्रात आला की संध्याकाळपर्यंत इंग्रजीत ‘इटालियन माध्यमांच्या वृत्तानुसार’ एवढ्या पुस्तीसह छापून येतो. पुढे इटालियन वृत्तपत्र ‘ब्रिटिश वृत्तपत्रांनी म्हटले आहे’ असे लिहून तोच मजकूर परत घेते, आणि वाचकाला वाटते की दोन देशांच्या पत्रकारांनी त्याला दुजोरा दिला. नोव्हेंबर २००७ मध्ये सोल्लेचितोच्या घरी ब्लीच विकत घेतल्याच्या पावत्या सापडल्याची बातमी अशीच सर्वत्र फिरली. खून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच सफाईचे सामान आणले, असा तिचा रोख होता. अशा पावत्या न्यायालयात पुरावा म्हणून कधीच दाखल झाल्या नाहीत. तरीही हा तपशील आजही इंग्रजी लेखांत अधूनमधून आढळतो. आपल्याकडे २००८ मधल्या नोएडाच्या आरुषी प्रकरणात वाहिन्यांनी पहिल्या काही आठवड्यांत सांगितलेल्या कितीतरी गोष्टींचे असेच झाले. एखादा इटालियन विद्यार्थी केवळ त्या वृत्तांवर विसंबून लेख लिहू लागला, तर आपण त्याला जे सांगू तेच मी आपल्याला सांगत आहे.

वृत्तपत्रांची प्रतवारी लावायचीच तर ती नावापेक्षा कामाच्या स्वरूपावरून लावावी. आन्सा ही इटलीची प्रमुख वृत्तसंस्था असून ती वृत्तपत्रांच्या प्रकाशकांच्या सहकारातून चालते. ‘अमुक वाजता न्यायालयाने अमुक निर्णय दिला’ एवढ्यापुरती तिची बातमी बहुधा पुरेशी असते, कारण तिच्या बातमीदाराला टीकाटिप्पणी करायची नसते आणि तिच्यावर शेकडो संपादक विसंबून असतात. मिलानचे ‘कोरिएरे देल्ला सेरा’ आणि रोमचे ‘ला रेपुब्लिका’ ही राष्ट्रीय दैनिके मोठ्या निकालांच्या दिवशी विस्तृत वृत्तान्त देतात. पण मधल्या काळात त्यांचे लक्ष दुसरीकडे असते. त्या काळासाठी स्थानिक दैनिकांकडे वळावे लागते. ‘कोरिएरे देल्लुंब्रिया’ तर पेरुजाचेच आहे, आणि फ्लोरेन्सचे ‘ला नात्सिओने’ व रोमचे ‘इल मेस्साजेरो’ यांच्याही उंब्रियासाठी वेगळ्या आवृत्त्या निघतात. न्यायालयाच्या दारात रोज उभा राहणारा बातमीदार या दैनिकांचा असतो, त्यामुळे कोणत्या दिवशी कोणता साक्षीदार उभा राहिला आणि त्याला कोणते प्रश्न विचारले गेले हे इथेच मिळते. मात्र ज्या अधिकाऱ्यांकडून उद्याची बातमी मिळवायची आहे त्यांना आज फार दुखवता येत नाही, ही जिल्हा पातळीवरच्या पत्रकारितेची अडचण जगभर सारखीच आहे. म्हणून साक्षीचा वृत्तान्त स्थानिक दैनिकातून घ्यावा, तपासाविषयीचे मत मात्र तिथून घेऊ नये. रात्रीच्या दूरचित्रवाणी चर्चांचे तर नाव घेतले नाही तरी चालेल. ‘रादिओ रादिकाले’ या नभोवाणी केंद्राची गोष्ट निराळी आहे; अनेक महत्त्वाच्या खटल्यांच्या सुनावण्या ध्वनिमुद्रित करून त्या खुल्या संग्रहात ठेवण्याची त्याची जुनी परंपरा आहे. इटालियन फौजदारी खटल्यांवर पुढेही काम करायचा आपला विचार असेल, तर त्याची ओळख आत्ताच करून घ्यावी.

ही सारी वृत्तपत्रे बाजूला ठेवूनही लेखाचा कणा उभा राहील असा एक प्रकारचा दस्तऐवज उपलब्ध आहे, आणि कायद्याच्या विद्यार्थिनीने तिथूनच सुरुवात करायला हवी. इटलीत निकालाच्या दिवशी न्यायाधीश फक्त आदेश वाचून दाखवतात. त्यामागची कारणे, ज्यांना तिथे ‘मोतिवात्सिओनी’ म्हणतात, नंतर लेखी स्वरूपात दाखल होतात. २००९ च्या डिसेंबरमधल्या निकालाची कारणे न्या. मास्सेई यांच्या न्यायालयाने मार्च २०१० मध्ये ४२७ पानांत दिली. फ्लोरेन्समध्ये न्या. नेन्चिनी यांच्या न्यायालयाने २०१४ मध्ये ३३७ पाने लिहिली. कासात्सिओनेच्या पाचव्या विभागाने मार्च २०१५ च्या निर्णयाची कारणे सप्टेंबरमध्ये अवघ्या ५२ पानांत दिली. त्या निकालपत्राचा क्रमांक ३६०८०/२०१५ असा आहे आणि त्या क्रमांकाने शोधल्यास ते सापडते. निकाल आणि कारणे यांच्यामधल्या त्या काही महिन्यांत छापलेला ‘न्यायालयाने असे का ठरवले’ या धाटणीचा प्रत्येक लेख हा अंदाज असतो, मग तो कितीही नामांकित दैनिकातला असो.

निकालपत्र वाचल्याने काय फरक पडतो ते एका उदाहरणावरून पाहावे. मेरेडिथच्या अंतर्वस्त्राचा हुक असलेला छोटा तुकडा २ नोव्हेंबरलाच खोलीच्या जमिनीवर दिसला होता. पण तो ताब्यात घेतला गेला १८ डिसेंबरला, म्हणजे ४६ दिवसांनी, आणि तोवर त्याची जागाही बदललेली होती. त्यावर सोल्लेचितोचा डीएनए मिळाल्याचे पोलिसांच्या प्रयोगशाळेने सांगितले. बातम्यांत याचे एकच वाक्य होते: ‘हुकावर आरोपीचा डीएनए’. मास्सेई न्यायालयाने हा पुरावा स्वीकारला. अपिलात न्या. हेलमन यांच्या न्यायालयाने रोमच्या ला सापिएन्झा विद्यापीठातील कोन्ती आणि वेक्किओत्ती या तज्ज्ञांना नेमले, आणि त्यांनी दूषितीकरणाची शक्यता नाकारता येत नाही असे सांगितले. नेन्चिनी न्यायालयाने पुन्हा तो पुरावा ग्राह्य धरला, तर कासात्सिओनेने नमुने गोळा करण्याच्या पद्धतीवरच कडक ताशेरे ओढले. एकाच धातूच्या तुकड्याविषयी चार न्यायालयीन मते आहेत आणि प्रत्येकामागे युक्तिवाद आहे. आपल्या लेखात हा तुकडा येणारच. तेव्हा कोणते मत कोणत्या न्यायालयाचे हे सांगितल्याशिवाय त्याचा उल्लेख करू नये.

निकालपत्रांच्या इंग्रजी भाषांतरांबाबत एक सावधगिरी सुचवतो. या प्रकरणात इटालियन माध्यमांनीच दोन गटांना नावे दिली होती: आरोपींना दोषी मानणारे ते ‘कोल्पेव्होलिस्ती’ आणि निर्दोष मानणारे ते ‘इन्नोचेन्तिस्ती’. महाजालावर फिरणारी बरीचशी भाषांतरे यांपैकी एका ना एका गटाच्या स्वयंसेवकांनी केलेली आहेत. त्यांत मुद्दाम खोटेपणा असतो असे नाही, पुष्कळ भाषांतरे तर कसोशीने केलेली आहेत. परंतु प्रास्ताविक, टिपा आणि ठळक केलेली वाक्ये कोणाची आहेत हे पाहणे भाग आहे. २०१५ च्या निकालपत्रातूनही दोन्ही गट आपापल्या सोयीची वाक्ये उचलतात: खुनाच्या खोलीत नॉक्स किंवा सोल्लेचितो यांचे जैविक अंश मिळाले नाहीत हे एक गट सांगतो, तर नॉक्स त्या रात्री घरात होती असे न्यायालयाने मानले, हे दुसरा. दोन्ही गोष्टी निकालपत्रात आहेत, आणि शेवटी दोघांची मुक्तता झाली हेही त्यातच आहे. ५२ पाने पूर्ण वाचायला सुट्टीचा एक दिवस पुरेल.

यांत्रिक भाषांतर वापरताना इटालियन क्रियापदाच्या एका रूपाकडे लक्ष ठेवावे. ज्या माहितीची खात्री नाही ती इटालियन बातमीदार संकेतार्थी रूपात लिहितो. ‘आव्रेब्बे देत्तो’ याचा बातमीतला अर्थ ‘म्हटल्याचे समजते’ असा होतो. यंत्र कधी त्याचे ‘म्हणाली असती’ करते, तर कधी सरळ ‘म्हणाली’ करून टाकते, आणि हे दुसरे अधिक घातक आहे, कारण त्यात बातमीदाराने राखलेले अंतरच नाहीसे होते. एखादे वाक्य आपल्या लेखाला आधार देणारे असेल, तर निदान तेवढे तरी इटालियन जाणणाऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावे. मुंबईत आणि पुण्यात इटालियन शिकवणारे शिक्षक आहेत.

मथळ्यांवर तर मुळीच विसंबू नये. ३ ऑक्टोबर २०११ च्या रात्री न्यायाधीशांनी आदेश वाचताना प्रथम लुमुंबा यांच्यावर खोटा आरोप केल्याबद्दलची नॉक्सची शिक्षा कायम असल्याचे सांगितले आणि खुनाच्या आरोपातून मुक्ततेचा भाग त्यानंतर वाचला. पहिले वाक्य कानावर पडताच ब्रिटनच्या ‘मेल ऑनलाइन’ने अपील फेटाळल्याची बातमी प्रसिद्ध केली. ती लगेच मागे घेण्यात आली, परंतु तिच्यात नॉक्स खुर्चीत कोसळून रडू लागल्याचे वर्णन होते आणि सरकारी पक्षाच्या समाधानाचे उद्गारही होते. न घडलेल्या प्रसंगाचा तो ‘प्रत्यक्षदर्शी’ वृत्तान्त आधीच लिहून ठेवलेला होता. ब्रिटनच्या प्रेस कम्प्लेंट्स कमिशनने पुढे त्याविरुद्धची तक्रार ग्राह्य धरली. न्यायालयातील हावभावांचे रसाळ वर्णन दिसले की ही घटना आठवावी.

तोच खोट्या आरोपाचा मुद्दा अलीकडेही वाचकांची दिशाभूल करून गेला. ५ जून २०२४ रोजी फ्लोरेन्सच्या न्यायालयाने नॉक्सला पुन्हा दोषी ठरवले आणि २३ जानेवारी २०२५ रोजी कासात्सिओनेने ते कायम केले. ‘नॉक्स पुन्हा दोषी’ एवढेच वाचून अनेकांना खुनाचा खटला पुन्हा उघडला असे वाटले. हे निर्णय केवळ लुमुंबा यांच्यावरील आरोपासंबंधी, म्हणजे ‘कालुन्निया’ या गुन्ह्यासंबंधी होते. खुनाच्या आरोपातून झालेली मुक्तता अबाधित आहे. आपल्या लेखात हे दोन गुन्हे पहिल्या परिच्छेदापासून वेगळे ठेवावेत.

शोध घेताना आरोपींच्या नावांऐवजी ‘देलित्तो दी पेरुजा’ (delitto di Perugia, म्हणजे पेरुजाचा गुन्हा) किंवा ‘ओमिचिदिओ कर्चर’ (omicidio Kercher, म्हणजे कर्चर खून) हे शब्द रोमन लिपीत टंकावेत. इटालियन वृत्तपत्रे गुन्ह्यांना गावाच्या नावाने ओळखतात, आणि नॉक्सच्या नावाने शोधले की पहिली काही पाने तिच्या मुलाखतींनीच भरतात. जुने दुवे तुटलेले आढळल्यास इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पाहावे. बातमी नंतर बदलली असेल तर पहिले रूपही तिथे बहुधा मिळते, आणि दोन्ही रूपे शेजारी ठेवून वाचल्यास काय गाळले गेले ते स्वच्छ दिसते.

प्रश्न : याच प्रकरणावर संबंधित व्यक्तींनी स्वतः पुस्तके लिहिली आहेत. वृत्तपत्रांपेक्षा ती अधिक विश्वसनीय मानावीत का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नॉक्स आणि सोल्लेचितो या दोघांनी आत्मकथने लिहिली आहेत आणि मेरेडिथच्या वडिलांनीही मुलीविषयी पुस्तक लिहिले आहे. लिहिणाऱ्याने काय भोगले हे जाणण्यासाठी या पुस्तकांना पर्याय नाही. विशेषतः वडिलांचे पुस्तक वाचावे, कारण हजारो बातम्यांत मेरेडिथ ही केवळ ‘बळी’ म्हणून उरली आहे; तिचे शिक्षण, स्वभाव, घर यांविषयी वृत्तपत्रांत आश्चर्य वाटावे इतके थोडे आहे. प्रयोगशाळेतील निष्कर्ष, वेळा आणि साक्षी यांसाठी मात्र ही पुस्तके एका पक्षाचे म्हणणे समजून वाचावीत. नॉक्स कुटुंबाने सिॲटलमधील जनसंपर्क व्यावसायिकांची मदत घेतली होती, हे लक्षात ठेवून अमेरिकी वाहिन्यांवरच्या त्या काळातल्या मुलाखतीही त्याच नजरेने पाहाव्यात. असे साहाय्य घेण्यात गैर काही नव्हते. परक्या देशातल्या तुरुंगात मुलगी असलेल्या कोणत्याही कुटुंबाने तेच केले असते.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त फ्रँकफुर्टला असतो आणि जर्मन सहज वाचतो. या प्रकरणासाठी जर्मन वृत्तपत्रे इटालियन वृत्तपत्रांची जागा घेऊ शकतील का?
– एक वाचक, जर्मनी

उत्तर : एका प्रसंगापुरती घेऊ शकतील. रूडी गेदे २० नोव्हेंबर २००७ रोजी माइन्त्सजवळ रेल्वेतून विनातिकीट प्रवास करताना पकडला गेला आणि डिसेंबरच्या सुरुवातीस त्याला इटलीच्या ताब्यात देण्यात आले. त्या दोन-अडीच आठवड्यांसाठी जर्मन बातमीदार घटनास्थळी होते आणि जर्मन पोलीस व न्यायालय हे त्यांचे स्वतःचे उगम होते, त्यामुळे तेवढा भाग जर्मनमध्ये वाचणेच उत्तम. उरलेल्या बहुतेक काळात जर्मन दैनिके वृत्तसंस्थांचे किंवा रोममधील प्रतिनिधीचे वृत्त छापत होती, म्हणजे आपण इटालियन बातमीच एक पायरी दुरून वाचत असता.

आपल्यासारख्या बहुभाषिक वाचकाने आणखी एक कागद जरूर पाहावा. नॉक्सच्या चौकशीच्या वेळी तिला वकील मिळाला नाही आणि दुभाषाची भूमिका निःपक्ष राहिली नाही, या तक्रारीवर स्ट्रासबुर्ग येथील युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २४ जानेवारी २०१९ रोजी इटलीविरुद्ध निर्णय दिला. पोलिसांनी मारहाण केल्याचा तिचा आरोप सिद्ध झाला नाही. त्या आरोपाची नीट चौकशी झाली नाही, एवढेच न्यायालयाने मान्य केले. बातम्यांत हा फरक बहुधा गळून पडला. अर्ज क्रमांक ७६५७७/१३ टाकल्यास ते निकालपत्र न्यायालयाच्या ‘ह्युडॉक’ या संग्रहात विनामूल्य मिळते. ते फ्रेंचमध्ये आहे. फ्रेंच येत नसल्यास न्यायालयाच्या निबंधक कार्यालयानेच काढलेले इंग्रजी प्रसिद्धिपत्रक आधी वाचावे.